रेडिओवर घातलेलं गाऱ्हाणं

फोनवर बोलताना मी वाक्य संपवून गप्प राहते आणि तुम्ही दोघं तिकडून "हॅलो आजी, हॅलो" करत सुटता. बाळांनो, लाईन तुटलेली नसते आणि पुढचं मी विसरलेलीही नसते. मी तुमच्या हुंकाराची वाट बघत असते. ही सवय मला ज्यांनी लावली त्यांच्याविषयी तुम्हाला एकदा नीट सांगायचं होतं. तुमची आई म्हणते, इंग्रजीत लिही, मुलांना पटकन वाचता येईल. पण बुवा इंग्रजीत मावत नाहीत. मी करून पाहिलं.

बुवा म्हणजे कोणी कीर्तनकार नव्हेत. आवाज तसा होता म्हणून सगळे बुवा म्हणत. मी पणजीला रेडिओवर इंग्रजी निवेदिका होते, तेव्हा ते तिथे संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम करत. मूळचे पेडण्याचे, संसार साखळीजवळ कारापूरला, आणि रोज बसने पणजीला ये-जा.

स्टुडिओच्या दारात ते चपला काढत. आत जाऊन मायक्रोफोनला हात लावून तो कपाळाला टेकवत, मग खुर्चीत बसत आणि समोर पाहत. समोर माणूस नसेल तर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे! कार्यक्रम तर थेट हवेत जायचा. मग ऐनवेळी धावपळ. कँटीनवाला, जीपचा ड्रायव्हर, जो सापडेल त्याला ते समोरच्या खुर्चीत बसवत. एकदा विजेचा मीटर वाचायला आलेल्या माणसाने भुईमुगाची पूर्ण लागवड ऐकली होती. एका संध्याकाळी त्यांनी मला पकडलं. मी नोकरीत नवीन होते.

"बाय, कामात आसा?"

"नाही, माझी ड्यूटी संपली."

"बरा झाला. हडे बस. बोलू नको, खोकू नको. माझा वाक्य संपला की फकत मान हलय."

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, कडक इस्त्रीची साडी नेसलेली मी शेणखत आणि पालापाचोळ्याच्या थरांवर मान हलवत बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "मान बरी हलता तुझी. पण तू 'येस' म्हणान हलयतस. उद्यापासून 'व्हय' म्हणान हलय."

हसू नका. फरक असतो. तो मला पुढे कळला.

त्याचं मूळ त्यांच्या गावच्या देवळात होतं. पेडण्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात. एक जण सगळ्या गावाच्या वतीने उभा राहून देवाशी मोठ्याने बोलतो. याचं दुखणं बरं कर, त्याची वाट मोकळी कर, असं रोखठोक बोलणं. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" बुवांचे वडील हे गाऱ्हाणं घालत. बुवा लहानपणापासून त्या 'व्हय'मध्ये उभे राहिलेले.

"व्हय मेळल्याबगर फुडला वाक्य जाता खंय?" ते मला म्हणाले. "थंयच पायांकडे पडता."

आणखी त्यांच्या काय काय तऱ्हा सांगू! भाताच्या लावणीविषयी बोलायचं असलं की कँटीनमधून बादली यायची. बादलीत पाणी, पाण्यात बुवांचे पाय, आणि पायांच्या आसपास सगळ्या विजेच्या वायरी. आमचा तंत्रज्ञ काचेपलीकडून डोकं धरून ओरडायचा, "बुवा, करंट लागून मराल!"

"मेलंय तर हवेतच मरान. लोकांक तरी कळात."

"पण पाय कशाला भिजवायचे?"

"सुक्या पायांनी लावणी कोण करता रे? आयकणाऱ्याक लगेच कळता."

खरंच कळत असे. त्या दिवशी त्यांचा आवाज गार आणि जड यायचा. मी काचेजवळ उभी राहून मुद्दाम ऐकलं आहे.

खाजगी निरोप हवेत सोडायला सक्त मनाई होती. बुवा आंब्यावरच्या तुडतुड्यांची माहिती देता देता त्याच दमात म्हणत, "आणि एका शिंगाची म्हैस कोणाक साखळेच्या वाटेर दिसली तर तिका बांधून ठेवा, धनी रडता." आमचे साहेब कपाळावर हात मारून घेत. म्हैस सापडायची. मग फाटकाशी फणस येऊन पडत, काजूबिया येत, एकदा तर म्हशीचा मालक म्हशीलाच घेऊन आला होता, बुवांना दाखवायला.

तो आवाज तुम्हीही ऐकला आहे. बुवा पुढे रेडिओत राहिले नाहीत. जीपला कर्णे बांधून जत्रांत, फुटबॉलच्या सामन्यांत बोलत हिंडायचे. पेडण्याच्या दसऱ्याच्या गर्दीत तुमच्यातला धाकटा माझा हात सोडून हरवला, तेव्हा कर्ण्यातून आवाज आला, "एक झील सापडलो हा. पँट निळी, नाक व्हावता, कोणाक भियेना. ज्याचो आसा तेणी व्हय म्हणा!" मी एवढ्या गर्दीत मोठ्याने "व्हय" म्हणाले. बुवांनी कर्ण्यातूनच उत्तर दिलं, "अगो, ही तर आमची इंग्लीश बाय!"

पण ते रेडिओ सोडून गेले कसे, ते सांगायचं म्हणून तर मी हे लिहायला बसले. त्याआधी वहिनींना, म्हणजे बुवांच्या बायकोला, भेटा.

साखळीला माझी मावशी राहायची. एकदा तिच्याकडे गेले असताना मी कारापूरला बुवांच्या घरी डोकावले. बुवा ड्यूटीवर होते, पण घरात त्यांचा आवाज होता. फळीवर रेडिओ, त्यावर क्रोशाचं झाकण, आणि खाली आदोळीवर नारळ खवत बसलेल्या वहिनी. रेडिओतून बुवा सांगत होते की माडाच्या मुळाशी आळं करून पाणी द्यावं.

"व्हय!" वहिनी रेडिओला म्हणाल्या. "आनी घरचो माड कोण शिंपता तें सांग!"

बुवा म्हणाले, खत वेळेवर घालावं.

"व्हय! आनी घरा वेळार कोण येता तेंय सांग!"

असा सगळा कार्यक्रम त्यांनी ऐकला. रागाने का होईना, एकाही वाक्याला 'व्हय' चुकला नाही. मी दुसऱ्या दिवशी बुवांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. त्यांना ठाऊकच नव्हतं.

वहिनींचं एक मागणं होतं. बुवा इतकी वर्षं कंत्राटावर. दर थोड्या महिन्यांनी कंत्राट संपायचं, दर वेळी वहिनी देवीला फुलं वाहायच्या, मग पुन्हा कंत्राट. त्यांच्या बहिणींचे नवरे खाणीच्या ऑफिसांत कायमच्या नोकरीत, आणि ते ऐकवायला बहिणी विसरत नसत. "एकदां ती पर्मनंटाची ऑर्डर येंव दी, बाय," त्या मला म्हणाल्या. "आतां हांव बाजारांत देगे-देगेन चलतां. मागीर मदल्या वाटेन चलतली. सगळ्यांनी पळोवचें." कडेकडेने चालणं सोडून बाजाराच्या मधोमध चालायचं, आणि सगळ्यांनी ते बघायचं!

तेव्हाच्या गोव्यात दुसरं बोलणंच नव्हतं. कोंकणी की मराठी? एका घरातले भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. रस्त्यावर झाडं आडवी टाकली जायची, बसगाड्या बंद व्हायच्या, आणि बुवा मिळेल त्या मोटरसायकलच्या मागे बसून ड्यूटीवर हजर व्हायचे. मी इंग्रजीची, त्यामुळे दोन्हीकडची माणसं आपली बाजू मला समजावून सांगत आणि चहा पाजत. बुवांची पेडण्याची बोली दोन्हींच्या मधली, म्हणून त्यांना मात्र पोस्टकार्डं येत. एक म्हणे, हा माणूस मराठी बोलतो, काढून टाका. दुसरं म्हणे, हा माणूस कोंकणी बोलतो, काढून टाका. बुवा दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवून खूश! "बघ बाय, एका गजालीर तरी दोगांचा जमला."

मग राजभाषेचा कायदा झाला, गोवा राज्य झालं, फटाके वाजले, रुसवेही राहिले. आणि आमच्याकडे विभागांची नवी मांडणी आली. साहेबांनी बुवांना बोलावलं. माझी ड्यूटी विचारायला मी तिथेच उभी होते.

"बुवा, अभिनंदन! कायमच्या दोन जागा आल्यात. एक कोंकणी विभागात, एक मराठी. तुम्ही म्हणाल ती तुमची. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगा."

"आणि माझो कार्यक्रम?"

"ज्या विभागात जाल त्या विभागाच्या शुद्ध भाषेत. आधी लिहायचा, तपासून घ्यायचा, मग टेपवर रेकॉर्ड करायचा. आणि हो, आता स्टुडिओत समोर माणसं बसवायची नाहीत. आजपासूनच."

"टेपीर?" बुवांना बाकीचं ऐकूच आलं नव्हतं. "मगे मान कोण हलयतलो?"

"बुवा, कायमची नोकरी आहे. मराठी की कोंकणी, एक काय ते सांगा."

"साहेब, माझो बापूस देवासमोर गाऱ्हाणा घाली. देवान कधी इचारूक नाय ही भास खंयची म्हणान."

"देवाच्या वर हेड ऑफिस नाही, बुवा. माझ्या वर आहे."

साहेब वाईट नव्हते. हे बोलताना ते टेबलावरच्या काचेकडे बघत होते.

तो आठवडा मी विसरणार नाही. बुवा व्हरांड्यात येरझाऱ्या घालत. एक दिवस मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, दुसऱ्या दिवशी कोंकणी. मला थांबवून म्हणाले, "बाय, आयक. 'कृषक बंधूंनो, आपणांस विदित आहेच की...'" आणि माझ्याकडे बघत राहिले. "बघ. हलूक नाय मान."

"वहिनींना काय सांगितलंत?"

"शुक्रवारी ऑर्डर येता म्हणान सांगलंय." त्यांनी मान खाली घातली. "तिणी देवीक हार घातलो."

शुक्रवारी संध्याकाळी निवेदनाच्या खोलीत मी होते. तिथून काचेपलीकडे बुवांचा स्टुडिओ दिसे. माझ्यापुढे आवाज वरखाली करायचे खटके होते, एक बुवांच्या मायक्रोफोनचा, एक माझ्या. बुवांनंतर मला दिल्लीच्या इंग्रजी बातम्या जोडून द्यायच्या होत्या. भिंतीवरचं घड्याळ आणि माझं मनगटावरचं, दोन्ही मी जुळवून घेतली होती. साहेब आपल्या खोलीत ऐकत बसले होते. बुवांनी अजून कोणता विभाग ते सांगितलं नव्हतं.

त्यांनी चपला काढल्या, मायक्रोफोनला नमस्कार केला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलू लागले. काजूच्या कलमांविषयी. आवाज कोरडा होता. शेवटची काही मिनिटं उरली आणि बुवा उभे राहिले! खुर्ची सरकल्याचा आवाज सगळ्या गोव्याने ऐकला असेल. त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! पेडण्यापासून साखळेपर्यंत जे कोण कान देवन बसले आसत, तेंच्या समोर ह्या गाऱ्हाणा घालतंय रे म्हाराजा!"

आणि थांबले.

आमच्या कामात हवेत शांतता जाणं याहून मोठं पाप नाही. घड्याळाचा काटा सरकत होता. बुवा काचेतून माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली, पण मानेचा आवाज रेडिओत जात नाही.

"माका दोन खुर्चयो दाखयल्यो रे म्हाराजा. दोनूय बऱ्यो. पण खंयच्याय एका खुर्चेर बसलंय तर माझी अर्दी माणसां माका परकी जातली. म्हणान आज सगळ्यांच्या कानांसमोर मी उठतंय. ही नोकरी हंयच ठेवतंय रे म्हाराजा!"

पुन्हा शांतता. आतल्या फोनचा लाल दिवा उघडझाप करू लागला. मी उचलला. साहेबच. "फेड हिम आउट! ताबडतोब! गाणं लावा, काहीही लावा!"

बुवांच्या खटक्यावर माझं बोट होतं. खाली ओढला की संपलं. बुवा उभे होते, हात जोडलेले, एक कान किंचित पुढे केलेला. त्यांचं वाक्य तिथेच त्यांच्या पायांशी पडलेलं मला दिसत होतं. मी फोन ठेवला, माझ्या स्वतःच्या मायक्रोफोनचा खटका वर सरकवला आणि ज्या आवाजात मी रोज "गुड ईव्हनिंग" म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले,

"व्हय म्हाराजा!"

बुवांचा चेहरा! दिवाच लागला!

"ज्या तंत्रज्ञ भावान माका इतकी वर्सां करंटापासून राखलो, तेच्या मुलाबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी माझ्या मागून दुसराही आवाज आला. तंत्रज्ञ दारात उभा होता.

"हरवलेली म्हस आपापल्या गोठ्याक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता कँटीनवालाही आला होता.

"आमच्या साहेबाक कसलोच दोष लावू नको, आणि तेच्या हेड ऑफिसाक बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि एकमेकांकडे बोलणा सोडलेल्या भावांक परत एका पंगतीक बसय रे म्हाराजा! माका रजा दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बुवांनी मायक्रोफोनला हात लावून कपाळाला टेकवला. मी त्यांचा खटका खाली घेतला आणि दिल्लीचा वर. बातम्या ठरल्या क्षणी लागल्या. तेवढं माझ्या नावावर असू द्या.

व्हरांड्यात साहेब धावत आले. "तुम्ही? तुम्हीसुद्धा?" त्यांना पुढे बोलता येईना, कारण प्रत्येक खोलीत फोन वाजत होता. त्यांनी जवळचा उचलला, ऐकलं आणि गोंधळून म्हणाले, "हो... हो... व्हय म्हाराजा." माझ्याकडे नंतर लेखी खुलासा मागितला गेला. हवेत शांतता जाऊ देऊ नये असा नियम आहे, म्हणून मी ती जाऊ दिली नाही, असं मी लिहून दिलं. पुढे कोणी काही विचारलं नाही.

फाटकाशी बुवा चपला पायात सरकवत होते. इतके आनंदात की डावी उजव्या पायात. आणि एकदम त्यांचा चेहरा पडला.

"बाय, एक गजाल ऱ्हवली."

"काय?"

"घराकडे सांगूक नाय."

"बुवा! वहिनींना माहीत नाही?"

"आता माहीत झाला आसतला." त्यांनी चपला बदलून नीट घातल्या. "तू वांगडा चल. तुझ्या फुड्यात ती हात उगारूची नाय."

मी गेले. बसमध्ये ड्रायव्हरपासून मागच्या बाकावरच्या मासळीवालीपर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं. जो तो बुवांना जागा देत होता आणि बुवा खांबाला धरून उभे, जणू बस त्यांना कुठे पकडून नेत होती. साखळीच्या स्टँडवर दिवे लागले होते. बुवा उतरले मात्र, चहाच्या दुकानातून आरोळी आली, "व्हय म्हाराजा!" भाड्याच्या मोटरसायकलींवरचे पायलट हॉर्न वाजवू लागले. बुवा हसले. मग त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं.

बाजाराच्या रस्त्याच्या अगदी मधोमध वहिनी उभ्या होत्या. पदर खोचलेला, हाताला खोबरं लागलेलं. तशाच कारापूरहून चालत आल्या होत्या.

"सगळ्यांची रजा घेतली?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. "देवाची घेतली. सायबाची घेतली. म्हशींक सुद्दां सांगलें. आनी म्हजी?"

पायलटांचे हॉर्न थांबले. मी वहिनींना काही सांगायला पुढे झाले, पण बुवांनी मला हातानेच मागे सारलं. त्यांनी रस्त्यावर चपला काढल्या. मग हात जोडले.

"माये म्हाराजी! जी बाय घरात बसान माझ्या दर एका वाक्याक व्हय म्हणत इली, आणि माका त्येची खबरच नसली, तिची ऑर्डर मी तिका इचारल्याबगर सोडून इलंय. ती देवीक हार घालताना मी थंयच उभो होतंय, तरी माझी जीभ उचलूक नाय. ही चूक पदरात घे. आणि माका घरात घे गे म्हाराजी!"

आणि ते थांबले.

बाजारात शंभर माणसं असतील. मघाशी ओरडणाऱ्यांपैकी कोणीही तोंड उघडलं नाही. हा हुंकार कोणाचा आहे ते प्रत्येकाला कळत होतं. चहावाल्याचा स्टोव्ह तेवढा फुरफुरत होता. रेडिओवरची शांतता मी पुष्कळ मोजली होती, पण एवढी लांब नव्हे. माझं बोट हवेतच खटका शोधत होतं. वहिनी बुवांच्या अनवाणी पायांकडे बघत होत्या.

"व्हय म्हाराजा," त्या म्हणाल्या. मग पाठ फिरवली. "चल. भात करपलो."

आणि त्या चालू लागल्या. मधल्या वाटेने. बाजार दोन्ही बाजूंना सरकला, आणि त्यांच्या मागोमाग, चपला हातात घेऊन, बुवा.